आजीचं तेल, माझं टेन्शन!

वीकेण्डला सोलापूरला घरी गेले ती झकास आयडिया घेऊनच. पास्त्यावर घालायचं गार्लिक ऑइल घरीच करायचं! आपलं करडईचं तेल, सोललेला गावरान लसूण, मंगळवार बाजारातली कोथिंबीर. बरणी भरून ओट्यावर ठेवली. सोमवारी पुण्यात ऑफिसमध्ये सगळ्यांना खिलवायचा बेत होता.

शेजारच्या शेगडीवर आजीचं डोक्याचं तेल शिजत होतं. बरणी बघून ती म्हणाली, "लसूण ओलाच टाकलास व्हय गं? पाणी आटवलं नाहीस?"

"आजी, याला इन्फ्युजन म्हणतात."

"म्हणू देत. तेलात पाणी राहिलं की तेल नासतं."

तिला खोटं पाडायला नेटवर बसले आणि घामच फुटला. लसणावर मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, लसणात ओलावा, बाहेरचं ऊबदार हवामान. विष तयार व्हायला आणखी काय हवं? 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलातल्या लसणामुळे 36 जणांना बॉट्युलिझम झाला होता. वाईट म्हणजे, वासावरून किंवा चवीवरून काहीच कळत नाही.

मग करायचंच नाही का? करा की! ताजा लसूण किंवा ओली पानं घालणार असाल, तर थोडंच करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. उरलं तर सरळ फेका.

आजीचा फंडा मात्र डोक्याच्या तेलाचा. माका, जास्वंद, कढीपत्ता वाटून एक वाटी, खोबरेल चार वाट्या, मंद आच. तडतड थांबली, फेस आला की गाळातली चिमूट वातीसारखी वळून पेटवायची. आवाज आला तर पाणी शिल्लक आहे. 'शार्ङ्गधर संहिते'तही कल्क आणि तेलाचं प्रमाण एकास चारच आहे, आणि परीक्षाही हीच! मग मलमलच्या फडक्यातून गाळून कोरड्या बाटलीत भरायचं. केस लांबसडक होतीलच याची गॅरंटी नाही, पण डोकं शांत होतं.

माझी बरणी मी गुपचूप रिकामी केली. पुण्याला आजीची बाटली आली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : 'डोक्याला. पास्त्याला नाही!'