कोबीत मेंढ्या सोडल्या, पण पुढे?

भाव पडला की उभ्या कोबीत मेंढ्या सोडल्याचे फोटो छापून येतात, तसे ते यंदाही आले. चर्चा रास्तपणे भावाची झाली. त्या मेंढ्यांचं दुसऱ्या दिवशी काय झालं, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

कोबी, फ्लॉवर, मेथी हे काही विष नव्हे. गडबड होते ती उपाशी जनावर एकदम ओल्या पाल्यावर तुटून पडतं तेव्हा. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला २-३ आठवडे लागतात. मेथी, लसूणघास, बरसीम असला द्विदल पाला भरपूर गेला तर पोटात फेस धरतो, वायू त्यातच अडकतो आणि ढेकर बंद होते. डावी भकाळी फुगून येते. टिचकी मारली तर नगाऱ्यासारखी वाजते. फुप्फुसांवर दाब आला की डॉक्टर येईपर्यंतही वेळ उरत नाही. म्हणून आधी कडबा, मग हिरवं, तेही थोडं थोडं वाढवत. जुनी माणसं हेच करत आली. फुकटचा पाला दिसला की आपण ते विसरतो.

फवारणीचं तर कोणी विचारतच नाही. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी कोबीवर औषधांचा मारा होतो. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. पण भाव पडल्यावर काढणी राहते बाजूला आणि कळप आजच्या आज आत जातो. शेवटची फवारणी कधी झाली, हे शेतमालकाला ठाऊक असतं. मेंढपाळाने तेवढं विचारूनच कळप आत घालावा.

कोबीवर्गातलं आणखी एक प्रकरण आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. केल हा कोबीचाच भाऊबंद. नुसता केल खाऊन ब्रिटनमधल्या गाईंना रक्तक्षय व्हायचा. त्यामागचा गंधकयुक्त घटक १९७०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या रोवेट संस्थेतल्या संशोधकांनी हुडकला. कोटीपोटातले जीवाणू या घटकाचं असं रसायन करतात, की तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात आणि लघवी लालसर-तपकिरी होते. लाल लघवी म्हटली की आपल्याकडे आधी गोचीड ताप आठवतो. चाऱ्यात काय होतं, हा प्रश्न मागे पडतो.

रक्तपेशी फोडणारी गंधकाची संयुगं कांद्यातही असतात, आणि कांदा तर नाशिक-नगरकडे गोठ्यापर्यंत पोचतोच. भाव नसला की चाळीतला डागी माल पाट्या भरभरून गव्हाणीत पडतो. शेळ्या-मेंढ्या त्यातल्या त्यात तग धरतात, गाय लवकर बळी पडते. मूठभर कांद्याने काही बिघडत नाही. रोजची वैरणच कांदा झाला, तर मात्र बिघडतं.

कुत्र्या-मांजरांना मूठभरही नको, आणि यात पातीचा कांदाही आला. शिजवला म्हणून तो निर्धोक होत नाही. उरलेल्या रश्शात कालवलेला भात ‘त्याला फार आवडतो’ म्हणून घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. हिरड्या पांढुरक्या पडायला कधी कधी चार-पाच दिवस जातात, आणि तोवर तो भात घरात कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. डॉक्टरांकडे नेल्यावर ते आठवून सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.