उन्हाळी आणि मागच्या वेळच्या गोळ्या

आमच्या पारगावात भीमाशंकर साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की उसाच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. मग संध्याकाळी माझ्या औषधाच्या दुकानात ऊसतोडीच्या बायका येतात. गर्दी कमी व्हायची वाट बघतात आणि हळूच म्हणतात, "ताई, उन्हाळी लागलीय. मागच्या वेळच्याच गोळ्या द्या." सोबत कात्रीने कापलेल्या पट्टीचा तुकडा असतो. औषधाचं नाव आणि मुदत दुसऱ्याच तुकड्यावर राहिलेली असते.

उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. पहाटे फडात गेलेल्या बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी आली तरी दाबून ठेवते. बायकांचा मूत्रमार्ग मुळातच आखूड, त्यामुळे जंतूला मूत्राशय गाठायला फार अंतर पडत नाही. एरवी लघवीच्या धारेबरोबर तो बाहेर पडला असता. तुंबलेल्या लघवीत तो वाढतो. चांगलं खाद्य आणि ऊब मिळाली तर हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने आठ तासांत एकाचे दीड कोटीहून जास्त होतील. मूत्राशयात वेग कमी असतो, पण वेळ त्याच्याच बाजूने असतो.

या जंतूचं नाव ई. कोलाय. लघवीच्या जंतुसंसर्गाच्या चारपैकी साधारण तीन केसेस याच्यामुळे होतात. तो आपल्याच आतड्यात राहतो, हे मी प्रत्येकीला सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. सर्दी-पडशाला, जुलाबाला, अंगदुखीला म्हणून जी अँटिबायोटिक गोळी घेतली जाते, ती आतड्यातही पोचते. तिथले साधे जंतू मरतात आणि गोळीला न जुमानणारे तेवढे उरतात, मोकळ्या जागेत पसरतात. सर्दी विषाणूची असल्याने गोळीचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. आणि दोन महिन्यांनी उन्हाळी लागते ती त्या उरलेल्या जंतूंमुळे. "मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं" हे खरंच असतं. मधल्या काळात आतले जंतू बदललेले असतात.

शिवाय हे जंतू आपली युक्ती एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाते. 2008 साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत असाच एक जंतू सापडला. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधंही त्याच्यावर चालत नव्हती. जगभर गाजलेली एनडीएम-1 ही भानगड लघवीच्या नमुन्यातूनच उजेडात आली.

आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन संस्था 2013 पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून अशा जंतूंची नोंद ठेवते. तिथल्या ई. कोलायच्या बहुतेक नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता चालत नाही. नायट्रोफ्युरँटोइनसारखं सत्तर वर्षांपूर्वीचं औषध मात्र लघवीच्या बऱ्याच नमुन्यांवर अजून काम करतं. ही आकडेवारी मोठ्या रुग्णालयांतली आहे, गावातलं चित्र थोडं बरं असेलही. पण ते कळायला गावात तपासणी तर व्हायला हवी!

आमच्या जवळच्या मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघालं की पुढे पिंपरी लागते. तिथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनायला लागलं. त्या औषधाने किती बाळंतिणी आणि किती पोरं वाचली असतील! एवढं मोलाचं औषध आपण असं वाया घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेतातही तेच. डाळिंबाच्या तेल्यावर आणि टोमॅटोवर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं जात आलंय, तेही अँटिबायोटिकच. मातीतल्या जंतूंनाही त्याची सवय लागते.

1 मार्च 2014 पासून एच-1 यादीतली, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायची काही अँटिबायोटिकसारखी औषधं देताना डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या नोंदवहीत लिहावी लागते. वही तीन वर्षं जपायची असते. नियम चांगला आहे. पण दिवसाचा खाडा परवडत नाही आणि मुकादमाची उचल डोक्यावर आहे, अशा बाईला नुसतं "चिठ्ठी आणा" म्हणून भागत नाही. कोप्यांजवळ शौचालय हवं, फडावर पाणी हवं, आणि आठवड्यातून एकदा तरी लघवीचे नमुने गोळा करायची सोय हवी. हा खर्च हंगामाच्या हिशेबात धरायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

गोळा केलेल्या नमुन्याच्या कल्चर तपासणीत लघवी पोषक थरावर पसरतात. उगवलेला जंतू दुसऱ्या प्लेटवर लावून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. जिच्याभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ पडतं, तिच्यावरचं औषध चालतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं किंवा बाई गरोदर असेल, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. संसर्ग मूत्रपिंडात चढला असेल तर नायट्रोफ्युरँटोइनही तिथे उपयोगाचं नाही.

नमुन्यासाठी निर्जंतुक डबीच हवी, घरची धुतलेली बाटली नको. आधी जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून मधली धरायची आणि दोन तासांत लॅबला पोचवायची, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायची. आणि डबी भरायची ती पहिली गोळी घेण्याआधी. गोळी आधी पोटात गेली, तर संसर्ग असूनही प्लेटवर जंतू न उगवण्याची आणि रिपोर्ट कोरा येण्याची शक्यता असते.