वॉल्थर पीपीके : छोटं पिस्तूल कितपत कामाचं?

वॉल्थर पीपीके हे जर्मन पिस्तूल 1931 चं. पॉइंट 32 बोअरमध्ये मॅगझिनला 7 गोळ्या. मोठा फायदा एकच : चपटं, लहान, कपड्याखाली दिसत नाही.

तोटे जास्त. नळी आखूड, त्यामुळे लांबचा नेम अवघड. सराव नसेल तर जवळचाही चुकतो. रानडुकरांसाठी तर बिनकामाचं. पीक राखायच्या परवान्यावर पिस्तूल नाही, ठासणीची बंदूक मिळते.

परवाना गावाकडे जिल्हाधिकारी देतात, वाकोल्यात राहणाऱ्याला मुंबई पोलिस आयुक्त. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारण माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. घरात पोरंबाळं असतील तर कुलपाचं कपाट आधी, पिस्तूल नंतर. आणि बिनपरवान्याचं कुणी स्वस्तात देत असेल तर हातही लावू नका. तो थेट गुन्हा आहे.