जन्मापूर्वीचा घोट

कामगार-वस्त्यांतून संघटनेचे काम करताना दारूचा विषय निघाला, की पगार, कर्ज आणि मारझोड यांचीच चर्चा होते. आज आम्ही निराळ्या नुकसानीबद्दल बोलणार आहोत: जे मूल अजून जन्मलेच नाही, त्याच्या.

गर्भवतीने घेतलेली दारू तिच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचते. गर्भाचे यकृत कोवळे. त्याला ती पचवता येत नाही. मेंदूची घडण तर नऊही महिने चालते. म्हणून अमुक महिना किंवा अमुक माप निर्धोक, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. १९६८ साली फ्रान्समधील नांत येथे डॉ. पॉल लमवान यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. १९७३ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी या विकाराला नाव दिले. खुंटलेली वाढ, लहान डोके, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, शिकण्यातील अडचणी ही त्याची लक्षणे. हा विकार जन्मभर राहतो. मात्र गरोदरपणी दारू टाळली, तर तो होतच नाही.

मग सारा दोष आईचा काय? मुळीच नव्हे. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. आणि बापाच्या दारूने पिलांच्या वाढीवर परिणाम होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. शिवाय घरात बाटली बहुधा आणतो कोण?

म्हणून आम्ही सभासदांना सांगतो: मूल हवे असेल, तर दोघांनीही आधीच पेला खाली ठेवावा. नकळत घेतली गेली असेल, तर ती भीतीने लपवू नये, डॉक्टरांना सांगावे. ज्या दिवशी थांबाल, त्या दिवसापासून बाळाचा लाभच आहे.