आपल्या बोलीत ऐकणारा कान

बऱ्हाणपूर सोडून उत्तरेची वाट धरली की असीरगडापासून सातपुडा दाटू लागतो. शहरात मराठी, हिंदी, उर्दू सहज कानी पडतात. डोंगरातील पाड्यांवर मात्र बारेली आणि पूर्वेस देडतलाईकडे कोरकू. दोन्ही शेजारी नांदतात, पण बारेली भिली गटातील, म्हणजे मराठी-गुजरातीची दूरची आप्त, तर कोरकू मुंडा कुळातील, संथाळीच्या नात्यातली. अशा मुलखात दूरध्वनीवरील मदतसेवेचा विचार भाषेपासूनच सुरू करावा लागतो.

त्याचा ठळक दाखला छत्तीसगडच्या गोंडी मुलखात आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केली. गावकऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा. यंत्रणा उलट फोन करते, त्यामुळे खर्च त्याच्या माथी येत नाही. एक आकडा दाबून आपले म्हणणे नोंदवायचे, दुसरा दाबून इतरांचे ऐकायचे. बिघडलेला हातपंप, थकलेली मजुरी असे हे निरोप तपासून प्रसारित होतात. सोबत अधिकाऱ्याचा क्रमांक असतो आणि दूरच्या शहरांतील श्रोते त्याला फोन करतात. गावच्या माणसाला टाळणे सोपे. परक्या शहरातून फोन येऊ लागले की टाळणे अवघड होते.

हातपंपाची तक्रार चारचौघांनी ऐकलेलीच बरी, घरातले दुःख मात्र कोणी असे मांडत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे : क्रमांक १४४१६, विनामूल्य, अहोरात्र. तिच्या वीस भाषांत मराठी आहे, कोरकू नाही.

ही उणीव स्वयंसेवक भरून काढू शकतात. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी ठेवला, तेव्हा मदतनिसांचे काम आलेल्यांना चहा देण्यापुरते होते. पुढे दिसले की त्यांच्याशी बोलूनच अनेकांचे मन हलके होते. ‘समॅरिटन्स’चा फोन आजही स्वयंसेवकच घेतात. त्यांना वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. सल्ल्याचा मोह आवरणे, गुपित राखणे आणि धोका जाणवताच पुढील मदतीपर्यंत पोहोचवणे शिकावे लागते. देडतलाईची बारावी झालेली कोरकू मुलगी हे नक्की शिकेल.

अडचण निराळीच आहे. लहान पाड्यात आवाज लगेच ओळखू येतो. म्हणून तिने मेळघाटातील फोन घ्यावेत आणि मेळघाटातल्या मुलाने देडतलाईचे. कोरकू राज्याच्या सीमेच्या दोन्ही अंगांस बोलली जाते. शिवाय डोंगरात रेंज कधी एखाद्या टेकाडावरच मिळते, तिथे बोलणारा एकटा असेलच असे नाही. तेव्हा फोन घेणाऱ्याने आधी विचारावे ते एवढेच, की आत्ता मोकळेपणी बोलता येईल का.