ऊब कुठे अडते : एमजीबी मोटारीचा हीटर

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या काठी वसलेल्या अ‍ॅबिंग्डन या जुन्या गावातील एमजीच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाच्या ज्या मोटारी बाहेर पडल्या, त्यांची संख्या उघड्या आणि बंद टपाच्या मिळून पाच लाखांवर जाते. त्यांच्या बांध्याविषयी, आवाजाविषयी आणि वळणावरील चपळाईविषयी रसिकांनी विपुल लिहून ठेवले आहे, परंतु त्यांच्या हीटरविषयी कुणी चांगला शब्द काढल्याचे ऐकिवात नाही. पहिली काही वर्षे तर हा हीटर गाडीच्या मूळ किमतीत धरलेलाही नव्हता. जादा पैसे मोजून बसवून घ्यावयाचा तो एक जिन्नस होता. आपल्याकडील वाचकाला मोटारीत ऊब निर्माण करण्याची ही खटपट थोडी चैनीची वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती अशी, की इंग्लंडच्या दमट हिवाळ्यात समोरच्या काचेवर साचणारे बाष्प घालविणे हेही याच यंत्राचे काम असल्यामुळे, हीटर बंद पडला म्हणजे पाय गारठतात आणि शिवाय रस्ताही दिसेनासा होतो.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा मोठा हिस्सा पाण्यावाटे रेडिएटरकडे जाऊन वाऱ्यावर उधळला जातो. हीटर त्या उधळपट्टीतील थोडासा वाटा प्रवाशांसाठी राखून ठेवतो, इतकेच. सिलिंडर हेडच्या मागच्या अंगाला एक व्हॉल्व्ह असतो; डॅशबोर्डावरील गोल खुंटी फिरविली की तारेच्या ओढीने तो उघडतो आणि गरम पाणी रबरी नळीने हीटरच्या पेटीतील छोट्या रेडिएटरमध्ये शिरते. तेथून ते इंजिनाच्या कडेने पुढे येणाऱ्या धातूच्या नळीवाटे मोठ्या रेडिएटरच्या खालच्या नळीस मिळते. बाहेरची हवा समोरच्या काचेपुढील जाळीतून आत येते, पंख्याच्या रेट्याने त्या छोट्या रेडिएटरमधून जाते आणि झडपांच्या हुकमाप्रमाणे काचेकडे किंवा पायांकडे वळते. ही सारी जोडणी स्मिथ्स या पेढीची. १८५१ मध्ये लंडनात घड्याळजीचे दुकान म्हणून आरंभ झालेल्या या पेढीने पुढे मोटारींचे वेगमापक केले, घड्याळे केली आणि हीटरही केले. मात्र घड्याळात दिसणारी नजाकत या पत्र्याच्या पेटीत शोधू नये.

हीटर चालत नाही अशी तक्रार आली की नवशिका मालक थेट त्या पेटीवरच चाल करून जातो, आणि माझ्या मते या विषयातील निम्मे मनस्ताप या एका घाईतून उद्भवतात. हीटर हे पाण्याच्या फेऱ्यातील एक आडवळणाचे ठाणे आहे; तेथे जे पोचत नाही ते बहुधा मागेच कुठेतरी अडलेले असते. म्हणून चौकशीला प्रारंभ इंजिनापासून करावा, आणि त्यातही सर्वप्रथम थर्मोस्टॅटची रुजवात घ्यावी. या मोटारीसाठी तीन प्रकारचे थर्मोस्टॅट ठरविलेले होते : उष्ण प्रदेशांसाठी ७४ अंश सेल्सियसला उघडणारा, सर्वसाधारण हवेसाठी ८२ अंशांचा आणि कडक थंडीसाठी ८८ अंशांचा. गाडी उन्हाळ्यातच बाहेर काढणाऱ्या एखाद्या पूर्वीच्या मालकाने ७४ अंशांचा बसवून ठेवला असेल, किंवा जुना थर्मोस्टॅट उघडाच अडकून बसला असेल, तर पाणी पुरते तापण्याआधीच रेडिएटरकडे पळते आणि डॅशबोर्डावरील काटा मध्यापर्यंत चढतच नाही. अशा वेळी हीटर निर्दोष असूनही बदनाम होतो.

येथे आपल्या देशाचा थोडा संबंध येतो. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ज्या बी-सीरिज घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये दीर्घ काळ नांदले. आपल्याकडील मेकॅनिक मंडळींनी उष्ण हवेवर तोडगा म्हणून थर्मोस्टॅट सरळ काढूनच टाकण्याचा परिपाठ ठेवला, आणि घाटात इंजिन तापण्याच्या भीतीपुढे त्यांना कोण दोष देणार? परंतु थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडीत धड तापत नाही, पेट्रोल अधिक पिते, आणि हीटर असलाच तर तो नाममात्र उरतो. उलटपक्षी, चढावर इंजिन फाजील तापू लागले असता हीटर पूर्ण उघडून पंखा सोडणे हा जुन्या चालकांचा खरोखरीचा उपाय आहे. प्रवासी घामाघूम होतात, पण ही छोटी पेटी मोठ्या रेडिएटरचा भार काही अंशी उचलते.

इंजिन नीट तापते अशी खातरजमा झाली, की पुढचा तपास हातांनी करावयाचा. खुंटी पूर्ण गरमवर ठेवावी, इंजिन चालू असताना पंख्याच्या पात्यांपासून बाही दूर राखावी, आणि हीटरकडे जाणारी व तेथून परतणारी अशा दोन्ही नळ्या जपून चाचपाव्यात. दोन्ही थंड लागल्या तर पाणी व्हॉल्व्हपाशीच थांबले आहे. बहुतेक वेळा तार सैल होऊन खुंटी फिरते आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. कधी आतील रबरी पडदा ताठरलेला असतो. आणि कधी व्हॉल्व्ह बिचारा उघडलेला असूनही त्याच्या मागचे छिद्रच गंजाच्या चिखलाने बुजलेले असते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे साधे पाणी घातलेल्या इंजिनात लोखंडाचा गंज आणि ओतकामातून उरलेली रेती यांचा गाळ मागच्या, मंद प्रवाहाच्या भागात स्थिरावतो. थंड इंजिनावरील व्हॉल्व्ह उतरवून ते छिद्र तारेने कोरले असता जो तांबडा गाळ निघतो, तो पाहून बागेतले कुंड उपसल्याचा भास होतो.

जाणारी नळी गरम आणि येणारी थंड असेल तर छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा त्यात हवा कोंडली आहे. दोन्ही नळ्या सोडवून बागेच्या नळीने, बेताच्या दाबाने, उलट्या दिशेने पाणी सोडावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. भागले नाही, तर पेटी काढण्याचा प्रसंग येतो. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात आधी हीटर दोरीने टांगत आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधत, अशी या मोटारीच्या मालकांत एक दंतकथा आहे. ती खोटी आहे हे सर्वांना ठाऊक असूनही पेटी बाहेर काढताना प्रत्येकाचा तिच्यावर विश्वास बसतो. तारा, आतून काचेकडे जाणारे नळ, कुठल्यातरी दुर्गम कोपऱ्यातला एक स्क्रू, आणि शेवटी खाली उतरणारे थंड पाणी थेट गालिच्यावर! मात्र पेटी एकदा निघालीच तर झडपांच्या कडांवरील स्पंज अवश्य बदलावा. पन्नास वर्षांत त्याचा भुगा झालेला असतो. हवा छोट्या रेडिएटरमधून न जाता फटींतून बाजूनेच निसटते, आणि दोन्ही नळ्या कढत असूनही पायांवर थंड झोत येतो तो याच कारणाने.

पंखाच फिरत नसेल तर मामला विजेचा. ल्युकास या कंपनीच्या विद्युतसामग्रीवरून अमेरिकेतील एमजीप्रेमींनी तिच्या संस्थापकास ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली आहे. विनोद चांगला आहे, न्याय तितकासा नाही. अर्धशतक दमट हवेत राहिलेली कोणतीही जोडणी हिरवट बुरशीने झाकली जाणारच. फ्यूजची टोके, पंख्याचे अर्थिंग आणि मधल्या जोडण्या घासून स्वच्छ केल्या, की मरगळलेली मोटर बहुधा पुन्हा गरगरू लागते. १९६७ पूर्वीच्या गाड्यांत डायनामो असल्यामुळे इंजिन मंद असताना पंखा किंचित सुस्तावतो. तो दोष मानू नये.

फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये पाणीच नाही, त्यामुळे वरील सारी उस्तवार तेथे निरुपयोगी ठरते. तिच्यात हवा निकासनळीभोवतीच्या पत्र्याच्या कवचांत तापून उंबरठ्याच्या पोकळीतून पुढे जाते. ती कवचे गंजून भोके पडली तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका असतो. म्हणून बीटलचा हीटर थंड असला तर चालेल. पण उबेला वास येऊ लागला की गाडी तत्काळ थांबवावी.

एमजीबीत सर्व जोडून झाल्यावर कूलंट भरताना गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा असावा आणि भरणे सावकाश व्हावे. अन्यथा कोंडलेली हवा वरच्या पेटीत जाऊन बसते आणि दुरुस्त केलेला हीटर पहिल्याच दिवशी पुन्हा थंड पडतो. इंजिन तापून निवल्यावर पातळी पुनः पाहावी, कारण सुटलेल्या हवेची जागा कूलंट घेते. आणि भर उन्हाळ्यातही महिन्याकाठी एकदा ती खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी, म्हणजे व्हॉल्व्ह बसलेल्या जागी चिकटून राहत नाही.