एक सूत फट

भाड्याचं घर बघायची आपल्याकडची वेळ म्हणजे रविवारची दुपार, नाहीतर ऑफिस सुटल्यानंतरची संध्याकाळ. एजंट कुलूप उघडतो, खिडक्या सरकवून हवा कशी खेळती आहे ते दाखवतो, पाणी किती वाजता येतं ते सांगतो आणि पंधरा मिनिटांत मंडळी खाली उतरतात. अकरा महिन्यांचा करार होतो, डिपॉझिट जातं, दलाली जाते. रस्त्याचा रात्रीचा स्वभाव कळतो तो सामान लावून झाल्यावर. पुण्या-मुंबईत बऱ्याच रस्त्यांवर अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी मज्जाव असतो. त्यामुळे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर रात्रीच निघतात. त्यांच्या पाठोपाठ नाइट शिफ्टच्या कॅब, पाण्याचे टँकर आणि पहाटे भाजीचे टेम्पो. आठवडाभर डोळे चोळत काढल्यावर उपाय सुचतात ते सगळे जाडीचे: जाड पडदे, जाड काच, भिंतीला फोम. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो असं माझं मत आहे. झोप मोडते ती आवाजाच्या सरासरीनं नाही, अचानक उसळणाऱ्या आवाजानं. तो घरात शिरतो फटींतून. भाडेकरूनं हात घालायचा तो तिथे.

आधी सरासरीचं बघू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे आकडे वेळेवर पसरवलेल्या सरासरीचे आहेत. डेसिबलची मोजणी साधी बेरजेची नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट झालेली असते. आता खिडकीबाहेर ८० डेसिबलचा एक हॉर्न दोन सेकंद वाजला असं धरा. त्याची ऊर्जा आठ तासांवर पसरवली तर सरासरी येते साधारण ३८ डेसिबल. असे चार हॉर्न वाजले आणि उरलेली रात्र अगदी निःशब्द गेली, तरी सरासरी ४५च्या आतच राहते. म्हणजे चार वेळा दचकून उठलेला माणूस मर्यादेच्या हिशेबात शांत झोपला! जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी म्हणूनच दोन वेगळे आकडे दिले: सततच्या आवाजाला ३० डेसिबल आणि एकेका सुट्या आवाजाला ४५. पुण्याच्या बायपासपासून थोड्या अंतरावर एकसारख्या घरघरीत झोपणाऱ्याची झोप एखाद्या गल्लीत झोपणाऱ्यापेक्षा बरी असू शकते. कारण गल्लीत तासभर सामसूम असते आणि मग एक बुलेट सायलेन्सर फोडत जाते. मेंदूला खटकतो तो हा फरक.

‘होईल सवय’ हा यावरचा सगळ्यात जुना आक्षेप. घरमालक तो सोयीनं घेतो आणि वडीलधारी माणसं आपुलकीनं. त्यात तथ्य नाही असं नाही. नव्या जागेत पहिल्या रात्री झोप उथळ लागते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध असतो. त्यामुळे पहिल्या दोन-चार रात्रींवरून घराला नावं ठेवू नयेत हे खरं. पुढे जाग येण्याचं प्रमाणही कमी होतं. पण झोपेच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. ट्रक गेला की झोपेतल्या माणसाच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि हे वाढणं सवयीनं तितकंसं कमी होत नाही. जाग आल्याचं सकाळी आठवत नाही, एवढाच सवयीचा फायदा. शरीराच्या खात्यावर नोंद होतच राहते.

आता खिडकी. गेल्या तीसेक वर्षांत बांधलेल्या इमारतींत बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असते. दोन ट्रॅक काचेच्या शटरना, तिसरा मच्छरदाणीला. ही खिडकी जवळून पाहिली तर ती बंद होते म्हणजे काय होतं हे कळतं. दोन शटर एकमेकांच्या मागेपुढे असतात. जिथे ती एकमेकांवर येतात तिथे उभी पट्टी असते, तिला इंटरलॉक म्हणतात. शटरच्या कडांना असलेल्या खाचेत ब्रशसारखी केसाळ पट्टी बसवलेली असते. दुकानात ती वूलपाइल या नावानं मिळते आणि फटीचा बंदोबस्त करायचं काम तिचं असतं. नवी असताना तिचे केस ताठ असतात आणि समोरच्या पट्टीला टेकतात. पाच-सहा वर्षांत ते धुळीनं चिकटतात, झिजतात, एका बाजूला लोळतात. कित्येक भाड्याच्या घरांत ती खाचेतून निघून कधीच कुणाच्या केरात गेलेली असते. राहते ती फट. सुतार आणि फॅब्रिकेटर जिला एक सूत म्हणतात तेवढी, इंचाचा आठवा भाग.

एक सूत म्हणजे किती, याचा हिशेब करण्यासारखा आहे. पाच फूट बाय चार फुटांच्या खिडकीचा घेर अठरा फूट. त्या सगळ्या घेरावर एक सूत फट राहिली तर तिचं क्षेत्रफळ २७ चौरस इंच, म्हणजे खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्याही आत. नीट बसवलेली पाच मिलिमीटरची काच सुमारे २९ डेसिबल आवाज अडवते असं धरू. ही एक टक्का फट जमेला धरली की अख्खी खिडकी अडवते वीसच्या आसपास. आता हीच काच काढून दहा मिलिमीटरची बसवा. खर्च कित्येक हजार, मालकाची परवानगी वेगळी. हातात पडतो अर्ध्याहूनही कमी डेसिबल, कारण आवाजाची वाट काचेतून नव्हतीच. फट पूर्ण बुजवता आली तर मात्र त्याच पातळ काचेत नऊ डेसिबलचा फरक पडतो आणि आवाज जवळजवळ निम्मा झाल्यासारखा कानाला वाटतो. सरकत्या खिडकीची फट पूर्ण बुजत नाही, पण पाच-सहा डेसिबलची अपेक्षा धरायला हरकत नाही. तेवढ्यासाठी खर्च येतो रबराच्या आणि वूलपाइलच्या काही मीटरचा. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत लोहार चाळीत जायचीही गरज नसते. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही हे मिळतं.

काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण क्रमानं करायचं. शटर दोन्ही हातांनी वर उचललं की ते वरच्या ट्रॅकच्या खोबणीत शिरतं, खालची चाकं मोकळी होतात आणि मग खालची कड आपल्याकडे ओढून ते बाहेर काढता येतं. दोघं असली तर बरं. चौथ्या मजल्यावर तर दोघं हवीतच. जुनी पट्टी पातळ स्क्रू ड्रायव्हरनं खाचेतून ओढायची, जुन्या टूथब्रशनं खाच साफ करायची आणि नवी पट्टी एका टोकाकडून सरकवत न्यायची. नवी नेताना जुन्याचा तुकडा सोबत ठेवावा, कारण खाचेची रुंदी आणि केसांची उंची वेगवेगळी असते. केस फार उंच घेतले तर खिडकी सरकत नाही आणि वैतागून लोक ती उघडीच ठेवतात. शटर बंद होताना बाजूच्या उभ्या चौकटीत जिथे शिरतं तिथे आतून चिकटणारी डी आकाराची रबरपट्टी लावावी. मात्र खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं जी छोटी भोकं असतात ती पावसाचं पाणी जाण्यासाठी असतात. आवाजाच्या रागात ती बुजवली तर जूनमध्ये पाणी ट्रॅकमधून घरात उतरतं. फटी शोधायला रात्री खोलीत अंधार करून एकानं गॅलरीतून टॉर्च फिरवावा आणि दुसऱ्यानं आतून उजेडाच्या रेघा बघाव्यात. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि अर्धवट बुजवलेलं भोक, बाथरूमच्या तिरप्या काचपट्ट्या, दाराखालची दोन बोटं जागा हे सगळं तिथल्या तिथे कळतं. जाड पडद्यानं खोलीतला घुमारा थोडा कमी होतो आणि फोमनंही तेवढंच होतं. बाहेरचा आवाज अडवायचं काम त्यांचं नाही, कारण हवा त्यांच्यातून आरपार जाते.

यावरचा वजनदार आक्षेप हवेचा आहे. खिडकी इतकी बंद केली तर एप्रिल-मेमध्ये जगायचं कसं? एसी लावला तरी घरगुती स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. दोन माणसं रात्रभर बंद खोलीत झोपली तर कार्बन डायऑक्साइड सहज हजार पीपीएमच्या वर जातो आणि सकाळी डोकं जड होतं. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच घराच्या सगळ्या खिडक्या बंद करा असं म्हणत नाही. बंद करायची ती रस्त्याकडची. खोलीचं दार उघडं ठेवून हवा मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या किंवा ड्राय बाल्कनीच्या खिडकीतून घ्यायची. इमारतीची मागची बाजू रस्त्याच्या बाजूपेक्षा बहुधा दहा डेसिबल किंवा त्याहूनही शांत असते. त्यामुळे गादीच मागच्या खोलीत नेली तर वर लिहिलेलं निम्मं काम वाचतं. लोक तसं करत नाहीत, कारण बिल्डरनं रस्त्याकडच्या मोठ्या खोलीला मास्टर बेडरूम म्हटलेलं असतं आणि तिथेच कपाट बसवलेलं असतं. नकाशावरच्या नावाला इतका मान द्यायचं कारण नाही. फक्त मागे पाण्याच्या मोटरची खोली किंवा डक्ट नाही ना, तेवढं पाहून घ्यावं.

पंखा या सगळ्यात अनपेक्षितपणे कामाचा ठरतो. आवाजावर उपाय म्हणून आणखी आवाज, हे विपरीत वाटतं. पण प्रश्न फरकाचा आहे हे एकदा मान्य केलं की उत्तर सरळ आहे. बाहेर ८५ डेसिबलचा भडका उडाला, खिडकीनं त्यातले वीस अडवले, तर आत ६५ पोचतात. खोली ३० डेसिबलइतकी शांत असेल तर ती उडी ३५ची. फटी बुजवून आत ६० पोचले आणि पंख्याची एकसारखी घरघर ४२ची असली तर उडी राहते १८ची, म्हणजे निम्मी. अर्थात साठ हा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या ४५च्या बराच वर आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांची झोप तरीही मोडते त्यांना कानात फोमचे बोळे घालण्यावाचून गत्यंतर नाही. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेलं असलं तरी नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर निम्मंही पदरात पडत नाही. बोळा पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर दोघांपैकी एकानंच ते घालावेत.

‘वरच्या मजल्यावर घर घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. रस्ता हा लांबच लांब पसरलेला आवाजाचा उगम आहे. अशा उगमापासून अंतर दुप्पट झालं तरी आवाज तीनच डेसिबलनं उतरतो. रस्त्यापासून पंधरा मीटरवरच्या इमारतीत जमिनीलगतचं घर सोडून एकवीस मीटर उंचीवर गेलं तर अंतरामुळे मिळतात दोन-अडीच डेसिबल. उलट खालच्या मजल्यांना कंपाउंडच्या भिंतीचा आणि टपऱ्यांचा जो आडोसा असतो तो वर नसतो. सातव्या मजल्यावरून पुढच्या दोन सिग्नलपर्यंतचा रस्ता दिसतो, आणि जो दिसतो तो ऐकूही येतो.

राहिला प्रश्न न्यायाचा. गोंगाट दुसऱ्यानं करायचा आणि फटी आपण बुजवायच्या, हे कुठलं न्यायाचं? नियम भाडेकरूच्या बाजूनं आहेत. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, शासन सूट देईल ते वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सोडून, तेही मध्यरात्रीपर्यंतच. २०१०च्या दुरुस्तीनं निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला आणि आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला बंदी घातली. शेजारच्या साइटवर रात्री बारा वाजता ड्रिलिंग चालू असेल तर ११२ला फोन करावा, संकोच करू नये. पण टँकर, डंपर आणि कुत्री यांच्याविरुद्ध तक्रार कुणाची आणि कुठे नोंदवणार? हॉर्न वाजवून गेलेली गाडी पोलीस येईपर्यंत दोन चौक पुढे गेलेली असते. तक्रारीला खरा उपयोग होतो तो जागेवर असलेल्या कारणाचा. चेंबरचं झाकण सैल असलं की प्रत्येक चाकाखाली ते ‘ठण्ण’ वाजतं. ओबडधोबड स्पीड ब्रेकरवर रिकामा ट्रक पाठीमागचा सगळा पत्रा हादरवत जातो. असं झाकण आणि असा ब्रेकर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जागेच्या फोटोसकट, लेखी कळवता येतो. झाकणाखाली नीट बैठक बसली की रोज रात्रीचे कित्येक दणके एका दिवसात संपतात. एवढा फायदा कुठल्याही काचेनं होणार नाही.

आणि घरमालक? झिजलेली वूलपाइल ही त्याच्या घरातली झीज आहे, भाडेकरूनं केलेलं नुकसान नव्हे, म्हणून ती बदलायचा खर्च मागणं रास्त आहे. सुरुवातीला तो देणार नाही. पण अकरा महिन्यांनी करार वाढवताना भाडंही वाढतं, आणि तेव्हा तो भिंतींना रंग काढून द्यायला तयार असतो. रंग राहू द्या म्हणावं, त्या पैशात रस्त्याकडच्या खिडकीला सरकत्या शटरऐवजी रबराची गॅस्केट असलेली, दाबून बंद होणारी झडप बसवून द्या. काच आहे तीच चालेल.